बॉनेटखाली पाणी मारावं की नाही? (कोकणातल्या गाड्यांसाठी)

खारवारा (धागाकर्ता)

नवरात्र झालं, पाऊस बहुतेक गेला आणि मालवण-वेंगुर्ल्याकडच्या वॉशिंग सेंटरांवर गाड्यांची रांग लागली. बाहेरून चकाचक करून घेतील, पण बॉनेट उघडलं की दोनच तऱ्हा दिसतात. एक तर पोरगा प्रेशरचं पाणी थेट इंजिनावर सोडतो आणि वर डिझेलचा फवारा मारून देतो. नाहीतर मालक हात जोडतो, "आत थेंबही नको, सेन्सर जातील." मला दोन्ही पटत नाही, म्हणून हा धागा.

घाटावर बॉनेटखाली धूळ बसते. ती राहिली म्हणून फारसं बिघडत नाही. आपल्याकडे मीठ बसतं. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं तोच प्रकार. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरची हवा त्या आकड्याच्या खाली क्वचितच येते. म्हणजे ब्रॅकेट, क्लॅम्प, अर्थचे बोल्ट यांच्यावर चार महिने खारं पाणी बसलेलं असतं. गाडी चालवली की सुकतं, रात्री पुन्हा ओलं. टपावरचं मीठ पावसाने धुऊन जातं. बॉनेटच्या आडोशाला पाऊस पोचत नाही, खारं वारं मात्र पोचतं. त्यात कुठूनतरी पाझरणारं तेल आणि चिऱ्याची तांबडी धूळ मिळून जो चिकटा होतो, तो हे मीठ धरून ठेवतो आणि तेल नेमकं कुठून येतंय तेही झाकतो.

तेव्हा पाणी हवंच. ते किती जोरात, कुठे, आणि नंतर सुकवायचं कसं, एवढंच ठरवायचं.

इंजिन थंड हवं, फार तर कोमट. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं तर ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो, ऑक्सिजन सेन्सरच्या आतलं सिरॅमिक फुटू शकतं. शिवाय गरम इंजिनावर डीग्रीजर (तेलकट मळ सोडवणारं द्रावण) लावताक्षणी वाळतं आणि डाग धरतं. म्हणून सकाळी, गाडी बाहेर काढायच्या आधी, सावलीत. पण पुढे दिवसभर ऊन आहे याची खात्री करून.

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढायची, जोडताना ती शेवटी. शॉर्टचा धोका आहेच, पण मला जास्त भीती पंख्याची वाटते. बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा चावी काढलेली असतानाही फिरू शकतो, आणि त्या वेळी आपला हात ब्रश घेऊन आत असतो. केबल काढल्यावर घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जाईल, काही गाड्यांत खिडकीचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागेल. जुन्या म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

मग झाकाझाक. अल्टरनेटर (आपल्याकडचे मेकॅनिक डायनामो म्हणतात तो), फ्यूजबॉक्स, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इग्निशन कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड. प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड पुरतात. डिपस्टिक आणि ऑइलचं झाकण घट्ट आहे ना ते बघा. पाण्याआधी कोरडी सफाई: वायपरखालच्या जाळीत आंब्याची पानं, मोहोर, काय काय साचलेलं असतं. तिथली पाणी जायची भोकं बुजली तर पावसाचं पाणी गाडीच्या आत उतरतं. वायपरखालचं हे एवढं काम केलंत आणि बाकी काही नाही केलंत, तरी चालेल.

डीग्रीजर पाण्यात मिसळणारं घ्या आणि डब्यावर सांगितलंय तेवढंच पातळ करा. खालून वर लावत जायचं, तीन ते पाच मिनिटं मुरू द्यायचं, वाळू द्यायचं नाही. जिथे थर जाड आहे तिथे ब्रश. कानाकोपऱ्यात जुना टूथब्रश. मग बागेच्या पाइपाचं साधं पाणी वरून खाली, अंगठ्याने धार न दाबता. झाकलेल्या वस्तू नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्यायच्या.

सुकवायचं कसं ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, जेवायला हाका मारतायत.

चिरेखाण

धागा छान, पण मुळात गरज काय? माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये इंजिनावर जोराने पाणी मारू नका असं लिहिलंय. इतकी वर्षं कधी धुतलं नाही, गाडी चालतेय. चालत्या गाडीला कशाला हात लावा?

खारवारा

मॅन्युअल बरोबरच आहे, "जोराने" हा शब्द महत्त्वाचा. बॉनेटखालचे पुष्कळ कपलर (वायरींचे प्लास्टिकचे जोड) पाणी-धूळ रोखण्याच्या आयपी६७ दर्जाचे असतात. त्या चाचणीत वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवतात. ऐकायला मोठं वाटतं, पण प्रेशर वॉशरची धार ही वेगळीच परीक्षा आहे. तिच्यासाठी आयपी६९के नावाचा निराळा दर्जा आहे: ८० अंशांचं गरम पाणी, ८० ते १०० बारचा दाब, दहा-पंधरा सेंटिमीटरवरून. बुडवून टिकलेला कपलर धारेपुढे टिकेलच असं नाही, कारण धार सीलची कड उचलून आत शिरते. पाइपातून नुसतं ओघळणारं पाणी तसं करत नाही.

तुमची गाडी चालतेय हे उत्तमच. किनाऱ्यापासून किती आत आहात तेवढं सांगा.

चिरेखाण

कणकवलीच्या वर, फोंडाघाटाच्या बाजूला.

खारवारा

मग तुम्हाला वायपरखालची पानं आणि कोरडा ब्रश पुरे. खरंच. हा धागा देवगड, आचरा, हर्णै, मुरूड अशा ठिकाणी जिथे गाडी रात्रभर समुद्राकडे तोंड करून उभी असते, त्यांच्यासाठी जास्त आहे.

कुडाळी_मेस्त्री

खारवारा, बराच बरोबर लिवलंस. माझी थोडी भर.

पाणी मारू नको असा मी म्हणत नाय. पण खंय मारतंस ता आधी बघ. पेट्रोल गाडयेत कॉइलच्या खाली प्लगाचो खड्डो आसता, थंय पाणी साचला काय गाडी एका सिलिंडरार लंगडता. मगे लोक माझ्याकडे येतत, "मेस्त्री, इंजिन गेला." इंजिन जावक नाय, खड्ड्यात पाणी आसा. कॉइल काढून, हवा मारून, सुकवन परत लावलंय काय झाला. जुनी ओम्नी नायतर ८०० आसली तर डिस्ट्रिब्युटरची टोपी झाकूक इसरा नको, थंय ओल गेली काय गाडी चालूच जाणा नाय.

आणि ता डिझेल नि रॉकेल सोडून देवा. होजाचो रबर फुगता.

गणपतीला_गावी

मेस्त्री, आमच्याकडे सगळेच डिझेल मारतात हो. गंज धरत नाही म्हणतात. आमचे काका तर डिझेलमध्ये जुनं इंजिन ऑइल मिसळून गाडीखालून फवारतात, दर मे महिन्यात.

अबोली

मी रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा यात तोंड घालणं भाग आहे.

रेडिएटरचे होज आणि बरेचसे पट्टे ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर पाणी, कूलंट, ऊन सगळं सोसतं, पण खनिज तेलात फुगतं आणि मऊ पडतं. पेट्रोल, रॉकेल, डिझेल, जुनं ऑइल, सगळी त्याच घरातली. एकदा शिंतोडे उडाले म्हणून होज फुटत नाही, पण दरवर्षी भिजवून ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य आपणच कमी करणं.

आगीचं वेगळं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, त्यामुळे पेट्रोलने इंजिन पुसणाऱ्याशी मी वादच घालत नाही, लांब उभी राहते. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो) भारतीय मानकाप्रमाणे किमान ३५ अंश. ऑक्टोबरात दुपारी आपलं अंगणच तेवढं तापतं, आणि इंजिनाचं कूलंट चालू गाडीत ९० अंशांच्या आसपास असतं. चिंधीत मुरलेलं रॉकेल तापल्या एक्झॉस्टजवळ राहिलं तर काय होईल ते सांगायला नको.

काकांना सांगा, डिझेलच्या थराने गंज काही काळ अडतो हे खरं. पण तो थर धूळ आणि मीठ दोन्ही गोळा करतो. आणि वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. पहिल्या पावसात ते गाडीखालून निघून शेतात नाहीतर विहिरीकडे जाणार.

आता डीग्रीजरबद्दल. बाजारात स्वस्तातली काही द्रावणं कॉस्टिकची असतात, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. ॲल्युमिनियमवर जो नैसर्गिक संरक्षक थर असतो तो साधारण ४ ते ८.५ पीएचमध्ये टिकतो. कॉस्टिक त्याच्या कितीतरी वर. हेड, टॅपेट कव्हर (इंजिनावरचं झाकण), इंटेककडचे भाग, आजकाल ॲल्युमिनियम सगळीकडे आहे. त्यावर कॉस्टिक राहिलं की पांढुरके-काळपट डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत, कारण तो मळ नसून खाल्लेला धातू असतो. डब्यावर "ॲल्युमिनियमसाठी सुरक्षित" असं लिहिलेलं बघून घ्या. संडास साफ करायचं ॲसिड कोणी वापरत असेल तर कृपया इथे सांगू नका, मला झोप लागणार नाही.

सागरतीरी

ताई, भांडी घासायचं लिक्विड चालेल का? आमच्या अलिबागेत सगळे तेच वापरतात.

अबोली

तेल काढायला चालतं, ॲल्युमिनियमलाही सहसा त्रास देत नाही. पण ते दाट व्हावं म्हणून त्यात बहुतेक वेळा साधं मीठच घातलेलं असतं. आपण मीठ काढायला बसलोय ना? वापरलंत तर पातळ करून आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. फेस फार होतो, कपलरच्या खोबणीत अडकतो.

आणि त्याहून महत्त्वाचं: पाणी कुठलं आहे? किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. त्याने इंजिन धुऊन उन्हात वाळवलं तर पाणी उडून जातं आणि त्यातलं मीठ तिथेच राहतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर फार महाग नसतो. पिण्याच्या पाण्याला ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही इष्ट मर्यादा आहे, समुद्राचं पाणी साधारण ३५,०००. तुमची बोअर हजाराच्या वर दाखवत असेल तर शेवटचं धुणं तरी विहिरीच्या गोड्या पाण्याने नाहीतर साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करा. एक बादली आणि झारी पुरते.

खारवारा

दंडवत ताई. मचूळ पाण्याचा मुद्दा मुख्य लेखातच हवा होता.

राहिलेलं सुकवणं. जिथे पाणी साचेल असं वाटतं तिथे आधी मऊ फडकं टिपून घ्या. मग ब्लोअर असेल तर ब्लोअर. पंक्चरवाल्याकडून हवा मारून घेणार असाल तर त्याला आधी टाकीचा खालचा नळ उघडून पाणी सोडायला सांगा. आपल्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, कधी तेलही, आणि तेच आपल्या कपलरवर फवारलं जातं. नंतर पिशव्या काढून, बॉनेट उघडं ठेवून गाडी दोनेक तास उन्हात. मग बॅटरी जोडायची आणि दहा मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवायची. धूर थोडा निघेल, ती वाफ. लंगडत असेल किंवा चेक इंजिनचा दिवा लागला तर तशीच रेटू नका, मेस्त्रींनी वर सांगितलंय तो खड्डा बघा.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड आलेली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने काढा. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. सुकल्यावर वर व्हॅसलीन.

एक गोष्ट लोक विसरतात. चिकटा काढला की त्याच्याखालचा धातू उघडा पडतो. घाणेरडा का होईना, तो तेलाचा थर काही ठिकाणी गंज अडवत होता. म्हणून बोल्ट, ब्रॅकेट, बॉनेटच्या बिजागऱ्या, अर्थचे पॉइंट यांवर गंजरोधक स्प्रेचा हलका हात द्या. पट्टे आणि एक्झॉस्ट सोडून. प्लास्टिक चमकवायचं असेल तर पाण्यावर आधारित ड्रेसिंग. मी लावत नाही, मला ते लग्नातल्या मेकअपसारखं वाटतं.

पुण्याचा_पाहुणा

वेळेवर धागा आला. गेल्या शनिवारी दापोलीजवळ पुळणीवर गाडी नेली होती, ओल्या वाळूत चाकं रुतली, लाटेचं पाणी बंपरपर्यंत आलं. गावकऱ्यांनी ट्रॅक्टरने काढली. परत येऊन वरून धुतली. गाडी चालतेय. बॉनेटखाली पण धुवायला हवं का?

कुडाळी_मेस्त्री

पुळणीर गाडी कित्याक नेतत तुमी लोक, देव जाणे.

खारवारा

मेस्त्रींचा राग रास्त आहे. :)

हो, धुवायला हवं आणि या आठवड्यातच. पण तुमच्या बाबतीत खालून सुरुवात करा. रॅम्पवर घेऊन गाडीचं पोट, चाकांच्या कमानी, ब्रेकचे पाइप, मग रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या जाळ्या. जाळीवर पाणी हलक्या धारेने, नाहीतर पत्र्याच्या पातळ पाकळ्या वाकतात. नंतर बॉनेटखाली वर सांगितल्याप्रमाणे. अल्टरनेटर एरवी झाकायला सांगितलं, पण त्याच्यावर खारं पाणी उडालेलं असेल तर गोड्या पाण्याचा अगदी हलका हात देऊन लगेच सुकवावा लागतो. ते मेकॅनिककडून करून घ्या. इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर काढायला लावा, वाळू तिथे बसलेली असते आणि ती ओलीच राहते.

लाट बॉनेटवरून गेली असती तर सल्ला वेगळा होता: चावीला हातच लावायचा नाही. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही, आणि स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

गणपतीला_गावी

अवांतर होईल कदाचित. आमची एक गाडी गावीच असते, गणपतीनंतर बंद. काल भावाने बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या मागे उंदराचं अख्खं घर. काथ्या, गवत, कुणाचातरी मोजा. एक वायर कुरतडलेली. पाणी मारून काढावं का सगळं?

अबोली

अवांतर अजिबात नाही. आणि आधी हातमोजे. उंदराच्या मूत्रातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) पसरतो, हाताला बारीकशी जखम असली तरी पुरते, आणि सिंधुदुर्गाला लेप्टोची साथ काही नवी नाही. घरटं कोरडं झाडू नका, धूळ नाकातोंडात जाते. साबणाच्या पाण्याने भिजवून, मोज्याच्या हाताने पिशवीत भरा. ब्लीचिंगचं पाणी धातूवर आणि कपलरवर नको, मोकळ्या प्लास्टिकवर साबण पुरे. तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा.

कुडाळी_मेस्त्री

आणि ती वायर जोडल्याशिवाय पाणी मारू नको हां. सोललेल्या वायरीर पाणी गेला काय तांबा आतसून हिरवा जाता, वरसून कळणा नाय. आधी वायरिंगवाल्याक दाखव. घरट्यातला गवत एक्झॉस्टार पडलेला नाय ना ताय बघ, गाडी चालू करूच्या आधी.

फोडणीचो लसूण, तंबाखू, फिनाईलच्या गोळये, लोक कायमाय ठेवतत. माझ्या बघण्यात तरी उंदीर ऐकणत नाय. दोन दिसांनी गाडी हलवलास तर मात्र घर करणत नाय.

सागरतीरी

माझी सीएनजी आहे. काही वेगळं?

खारवारा

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. बॉनेटखालचा रेग्युलेटर आणि त्याचे वायरचे कपलर पिशवीत. रेग्युलेटरच्या सांध्यांवर डीग्रीजर नको, ओलं फडकं. गॅसचा वास येत असेल तर धुणं राहू दे, आधी गळती.

हायब्रिडवाले कोणी वाचत असतील तर: नारिंगी रंगाच्या केबल हाय व्होल्टेजच्या असतात. त्यांच्या आसपास फडक्यापलीकडे काही करू नका, कपलर सोडवायचा तर विचारही नको.

आणि सगळ्यांसाठी, गाडी विहिरीपासून आणि पऱ्या-व्हाळापासून लांब उभी करा. जाड थर आधी चिंध्यांनी पुसून घेतला तर पाण्यात जाणारं तेल निम्म्याहून कमी होतं. खाली गोणपाट नाहीतर लाकडाचा भुसा पसरला तर उरलेलंही बरंचसं टिपलं जातं.

चिरेखाण

बरं, वाचून वाचून मीही बॉनेट उघडलं. पानं काढली. टॅपेट कव्हराच्या खाली तेलाची ओल आहे, तिथे चिकटा बोटभर. गाडी अजून वॉरंटीत आहे. धुऊ?

खारवारा

वॉरंटीत असेल तर अजिबात धुऊ नका. आहे तशी सर्व्हिस सेंटरला न्या, आधी फोटो काढून ठेवा. धुतल्यावर "गळती दिसत नाही" म्हणून परत पाठवतील.

पुण्याचा_पाहुणा

माझी वॉरंटी संपलीय आणि मलाही तसंच दिसतंय, डाव्या बाजूला. मग मी काय करू?

कुडाळी_मेस्त्री

तू धू. चांगला सुकव. मगे थंय टाल्कम पावडर भुरभुर, पट्ट्यार जाव देव नको, आणि दोन-तीन दीस नेमीसारखी गाडी चालव. डिझेल गाडी आसली तर चालू इंजिनात गळती हातान चाचपूची नाय. थंय हजार बारच्या वर दाब आसता, धार कातडीतसून आत जाता, सरळ हॉस्पिटल. बंद करून बघ. पावडर खंय ओली झाली तेचो फोटो हंयसर टाक. टॅपेट कव्हराचा पॅकिंग आसला तर अर्ध्या दिसाचा काम. मागला क्रँक सील आसला तर गिअरबॉक्स उतरवचो लागतलो, तेची तयारी ठेव.